इंजिन स्वॅपसाठी परवडणारं जुनं इंजिन: आधी काय मोजायचं, काय तपासायचं आणि पैसे कधी द्यायचे

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये दुसरं इंजिन बसवायचं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी इंजिन विकत घेऊन टाकतात. जाहिरात दिसते, भाव बरा वाटतो, टेम्पोतून इंजिन घरी येतं. मग कळतं की इंजिनाचा चेंबर (तळाचं तेलाचं भांडं) गाडीच्या क्रॉसमेंबरवर (चेसिसच्या आडव्या तुळईवर) टेकतोय, वायरिंग कटरने कापलेली आहे आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) मूळ किल्ली असल्याशिवाय ठिणगीच देत नाही. इंजिन ताडपत्रीखाली जातं, आणि कालपर्यंत धावणारी गाडी अर्धी उघडलेली राहते. अशा गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत आणि दर वेळी जीव तुटतो, कारण त्यांतल्या बहुतेकांना फक्त कामाचा क्रम सांभाळून वाचवता आलं असतं.

इंजिनाची खरेदी या कामात बरीच उशिरा येते. खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या, मधली एकही गाळू नका.

## १. जुनं इंजिन गाडीत असतानाच गाडी मोजा

जुनं इंजिन काढल्यावर मोजमाप सोपं जाईल असं वाटतं. पण सगळ्यात मोलाची मापं ते जागेवर असतानाच मिळतात: क्रँकची (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) मध्यरेषा चेसिसपासून किती उंच आहे, गिअरबॉक्सचं मागचं तोंड कुठे येतं, गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन किती आहे. एकदा इंजिन बाहेर आलं की हे पुन्हा समजत नाही. शाफ्टचा कोन चुकला तर गाडी वेगात थरथरते आणि दोष मात्र नव्या इंजिनाला दिला जातो.

वहीत लिहायची मापं:

- क्रॉसमेंबरच्या वरच्या कडेपासून बंद बॉनेटच्या आतल्या बाजूपर्यंतची उंची. बॉनेट बंद करून हे मोजता येत नाही, म्हणून ओल्या मातीचे किंवा मुलांच्या क्लेचे उंच गोळे इंजिनावर ठेवा, बॉनेट हळूच बंद करा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजून क्रॉसमेंबरपासून गोळ्याच्या तळापर्यंतच्या उंचीत मिळवा.
- फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यापासून) रेडिएटरपर्यंतचं अंतर, पंख्याची जागा धरून.
- दोन्ही चेसिस रेलमधली रुंदी, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) जिथे येणार त्या उंचीवर.
- स्टिअरिंग शाफ्ट कोणत्या बाजूने आणि किती जवळून जातो.
- क्रॉसमेंबर इंजिनाच्या पुढच्या भागाखाली येतो की मधोमध. चेंबरचा खोल भाग पुढे असलेलं इंजिन चालेल की मागे असलेलं, हे यावरूनच ठरतं.
- गिअर लिव्हरचं भोक बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लचवरच्या कवचाच्या) तोंडापासून किती मागे आहे.

प्रत्येक बाजूने निदान २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा धरा. रबरी माउंटिंगवर बसलेलं इंजिन जोर लावताना हलतं, कलतं. उभ्या गाडीत न लागणारा मॅनिफोल्ड चालत्या गाडीत स्टिअरिंग शाफ्टला लागू शकतो.

एखादं इंजिन मनात असेल तर त्याच्या लांबी-रुंदी-उंचीचा जाड पुठ्ठ्याचा खोका करा. चेंबरचा आकार आणि अल्टरनेटरचा फुगवटाही त्यावर चिकटवा. खरेदीआधी हा खोका वहीतल्या मापांशी ताडून पाहा; जुनं इंजिन निघाल्यावर तो आत ठेवूनही पाहता येतो. एका संध्याकाळचं काम आहे.

सावधान: कुणी सांगितलेल्या मापांवर विसंबू नका. एकाच इंजिनाचे चेंबर, इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणाऱ्या नळ्या) आणि पुढच्या पुलीचे संच वेगवेगळ्या गाड्यांत वेगळे असतात. लांबी दोन बोटांनी बदलते आणि नेमकी तीच दोन बोटं रेडिएटरला हवी असतात.

## २. नोंदणीचे नियम विचारून घ्या

ही पायरी छोटी आहे, पण सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. इंजिन बदलल्याची नोंद गाडीच्या कागदांवर करावी लागते का, इंजिन गाडीपेक्षा जुनं चालतं का, प्रदूषणाची कसोटी गाडीच्या वर्षाप्रमाणे लागते की इंजिनाच्या, क्षमतेवर मर्यादा आहे का, या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक देशात वेगळी आहेत. काही ठिकाणी इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं असावं लागतं आणि त्याच्यासोबतची प्रदूषण नियंत्रणाची सगळी उपकरणंही बसवावी लागतात. नोंदणी कार्यालयाकडून आणि विमा कंपनीकडून उत्तर लेखी घ्या. तोंडी होकार तपासणीच्या दिवशी कामाला येत नाही.

## ३. इंजिनाचा नव्हे, चालू होण्याचा खर्च मांडा

परवडणारं इंजिन म्हणजे कमी किमतीचं इंजिन नव्हे. बसवून, चालू करून, पहिले हजार किलोमीटर धावेपर्यंत ज्याचा एकूण खर्च सर्वांत कमी, ते परवडणारं. म्हणून प्रत्येक उमेदवार इंजिनासाठी वहीत वेगळं पान करा आणि त्यावर या सगळ्या गोष्टींचा खर्च मांडा:

इंजिन, त्याला जुळणारा गिअरबॉक्स किंवा अडॅप्टर प्लेट, फ्लायव्हील आणि क्लच, माउंटिंग, चेंबर बदलावा लागला तर तो आणि त्याचा ऑइल पिकअप (चेंबरमधून तेल ओढणारी नळी), ईसीयू, वायरिंग आणि सेन्सर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, रेडिएटर, पंखा, होसपाइप, पेट्रोल पंप आणि लाइन, प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचा, स्पीडोमीटरची जुळणी, आणि विकत घेतलेल्या इंजिनात न पाहता बदलायच्या वस्तू: टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकची पुढची-मागची ऑइल सील, थर्मोस्टॅट, सगळी पॅकिंग.

दोन खर्च हमखास विसरले जातात. पहिला इंधनाचा. कार्ब्युरेटरला साधारण ०.२ ते ०.४ बार दाब पुरतो. फ्युएल इंजेक्शनला ३ बारच्या आसपास आणि काही इंजिनांना ४ बार लागतो. म्हणजे पंप नवा, दाब सोसणाऱ्या नळ्या आणि त्यांचे क्लॅम्प नवे, बहुतेकदा टाकीकडे परत जाणारी लाइनही नवी. टाकीत आडव्या पट्ट्या नसतील तर वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि इंजिन गचके खातं. दुसरा खर्च मागच्या बाजूचा. दुप्पट टॉर्कचं इंजिन बसवलं की जुना गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हाफ शाफ्ट आणि ब्रेक हे सगळेच प्रश्नाच्या यादीत येतात.

तपासणी: पानावरची बेरीज झाली की त्यात निदान चौथा हिस्सा वाढवा. एवढे पैसे आज हाताशी नसतील तर इंजिन लहान निवडा. अपुऱ्या पैशांत सुरू केलेलं मोठं इंजिन अर्ध्यावर थांबतं.

## ४. इंजिनाचं कुटुंब निवडा

मी नेहमी आतून बाहेर जायला सांगतो. आधी त्याच गाडीच्या घराण्यातलं मोठं इंजिन पाहा, मग त्याच कंपनीचं, आणि दोन्ही जमत नसतील तरच बाहेरचं.

त्याच घराण्यातलं. डॅटसन २४०झेडमध्ये २३९३ सीसीचं एल२४ असतं. नंतरच्या २८०झेडमधलं एल२८ हे २७५३ सीसीचं आहे, आणि बाहेरून जवळपास तेच इंजिन असल्याने ते जुन्या माउंटिंगवर बसतं. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत १.६ लिटरचं इंजिन होतं आणि १९९४ च्या मॉडेलपासून १.८ आलं. ते १.६ च्या जागी जातं. फक्त वायरिंग आणि हवा मोजणाऱ्या मीटरचं नीट पाहावं लागतं. असा बदल दिसायला भारी नसतो. पण गाडी लवकर रस्त्यावर येते, तिचा तोल बिघडत नाही आणि सुटे भाग ओळखीचे राहतात. हा मार्ग लोक उगाच कमी लेखतात.

याच एमएक्स-५ चं जुनं १.६ घेणार असाल तर क्रँक पुली पाहा. पुढे चार खाचा दिसल्या तर ते १९९१ च्या मध्यापर्यंतचं, आखूड नाकाच्या क्रँकचं इंजिन. त्यात बोल्ट नीट आवळलेला नसेल तर क्रँकवरची, पुली धरून ठेवणाऱ्या चावीची खाच झिजते, पुली डुलायला लागते आणि टायमिंग सरकतं. आठ खाचा असतील तर नंतरचा, सुधारलेला क्रँक.

त्याच कंपनीचं. बीएमडब्ल्यू ई३० मध्ये २४ व्हॉल्व्हचं एम५० बसवतात तेव्हा ई३४ या दुसऱ्या बीएमडब्ल्यूमधला चेंबर आणि त्याचा पिकअप वापरावा लागतो, आणि इनटेकच्या बाजूला ब्रेक बूस्टरची अडचण येते. हे आधी माहीत असेल तर चेंबरसकट इंजिन शोधता येतं. माहीत नसेल तर तोच चेंबर नंतर वेगळा, महागात घ्यावा लागतो.

बाहेरचं. इथे मोह जास्त आहे म्हणून जरा थांबून सांगतो.

रोव्हरचं ३.५ लिटरचं अॅल्युमिनियमचं व्ही८ (व्ही आकारात आठ सिलिंडरचं इंजिन) जुन्या ब्रिटिश गाड्यांत बसतं, आणि वजनाला एमजीबीच्या लोखंडी चार सिलिंडर इंजिनाच्या आसपासच भरतं. कारखान्यानेच १९७३ ते १९७६ मध्ये एमजीबी जीटी व्ही८ काढली होती. याचा कॅम आणि लिफ्टर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) लवकर झिजतात, आणि नंतरच्या मोठ्या क्षमतेच्या इंजिनांत लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) मागे ब्लॉकला तडा जाऊ शकतो. विनाकारण पाणी कमी होत असेल तर असं इंजिन सोडून द्या.

जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यातलं पिकअप ट्रकमधलं ५.३ लिटरचं लोखंडी इंजिन सहज मिळतं, म्हणून स्वस्त वाटतं. पण ट्रकचा चेंबर खोल, इनटेक उंच आणि पुढच्या पुल्या लांब बाहेर आलेल्या असतात. छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये तिन्ही बदलावे लागतात. शिवाय क्रँकवरचं सेन्सरचं चक्र आधीच्या पिढीत २४ खुणांचं आणि नंतरच्या पिढीत ५८ खुणांचं आहे. एकाचा ईसीयू दुसऱ्याला चालत नाही. नंतरच्या पिढीतल्या ज्या ५.३ इंजिनांत सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आहे, तिथे लिफ्टर खराब होण्याच्या तक्रारी ओळखीच्या आहेत.

टोयोटाचं ४ लिटरचं १यूझेड-एफई व्ही८ टिकाऊ आणि गुळगुळीत चालणारं आहे. पण त्याचा सेल्फ दोन्ही हेडच्या मधल्या दरीत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसतो. इंजिन गाडीत गेल्यावर सेल्फ बिघडला तर वरचं सगळं उचलावं लागतं. इंजिन जमिनीवर असतानाच सेल्फ उघडून घ्या.

होंडाची जुनी बी, डी आणि एच मालिकेतली इंजिनं इतरांच्या उलट दिशेने फिरतात. के मालिका नेहमीच्या दिशेने फिरते. उभ्या (म्हणजे गाडीच्या लांबीत बसलेल्या) इंजिनाच्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीसाठी बी मालिका हातात धरण्याआधी हे लक्षात घ्या, नाहीतर दुसऱ्याच गिअरबॉक्सला जोडल्यावर गाडी उलटी धावेल.

आणि आडवं बसणारं इंजिन उभं बसवायचं असेल तर तीन जागा पाहा: मागच्या टोकाचा डिस्ट्रिब्युटर किंवा कॉइल फायरवॉलवर येतो का, पाण्याचं तोंड फायरवॉलकडे वळलेलं आहे का, आणि नव्या बेलहाउसिंगला सेल्फसाठी जागा उरते का.

## ५. कुठे शोधायचं

माझी पसंती अख्ख्या दाता-गाडीला. मागून किंवा बाजूने ठोकर बसलेली, पण चालू असलेली गाडी मिळाली तर इंजिन चालवून पाहता येतं आणि ईसीयू, किल्ली, इमोबिलायझर (मूळ किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा भाग), पेडल, सेन्सर, ब्रॅकेट, गिअरबॉक्स, अगदी योग्य लांबीचे बोल्टसुद्धा एकत्र मिळतात. सुट्या इंजिनापेक्षा सुरुवातीला जास्त पैसे लागतात, पण काम झाल्यावर दारं, सीट, चाकं विकून त्यातला बराच भाग परत येतो. अडचण फक्त जागेची आणि सांगाडा कायदेशीर मोडीत काढण्याची.

त्याखालोखाल हाफ-कट, म्हणजे फायरवॉलपासून पुढचा कापलेला भाग. वायरिंग बहुधा शाबूत असते. आयात केलेल्या हाफ-कटबद्दल "कमी किलोमीटर चाललेलं" असं सर्रास सांगितलं जातं. कागद नसेल तर ते वाक्य सोडून द्या आणि इंजिन तपासा.

अर्धवट सोडलेले प्रकल्प ही तिसरी जागा, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. ज्याने पहिली पायरी गाळली त्याचं इंजिन, अडॅप्टर, माउंटिंग आणि नवी क्लच प्लेट असा संच एकत्र विकायला निघतो. तुमच्याच गाडीसाठी जमवलेला असेल तर याहून चांगला सौदा नाही. मात्र "नुकतंच बांधलेलं" इंजिन असेल तर मशीनिंगची बिलं, बेअरिंगचे माप आणि उघडलेल्या अवस्थेतले फोटो मागा. ते नसतील तर बांधलेलं इंजिन न उघडलेल्या इंजिनापेक्षा जास्त जोखमीचं धरा.

भंगार यार्डातलं सुटं इंजिन शेवटचा पर्याय. तिथे शोधताना फक्त स्पोर्ट्स मॉडेलचं नाव घेऊ नका. तेच इंजिन घरगुती सेडान, व्हॅन किंवा एसयूव्हीत असतं आणि तिथे त्याला "स्पोर्ट्स"चा भाव लागत नाही. इंजिनाचा कोड आणि तो कोणकोणत्या गाड्यांत, कोणत्या वर्षी बसला याची यादी खिशात ठेवा.

## ६. जाण्याआधी फोनवर विचारायचे प्रश्न

इंजिन कोणत्या गाडीतून निघालं, गाडी का मोडली, इंजिन कधी काढलं, काढण्याआधी चालू होतं का आणि त्याचा व्हिडिओ आहे का, वायरिंग कापली की कनेक्टरपाशी सोडवली, ईसीयू आणि किल्ली त्याच गाडीची आहे का, इंजिन नंबर वाचता येतो का. पुढच्या ठोकरीमुळे गाडी मोडली असेल तर क्रँक पुली, चेंबर आणि माउंटिंगचे कान यांचे जवळून फोटो मागवा. गाडी चालवून दाखवणार असतील तर स्पष्ट सांगा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, मला ते थंड पाहायचं आहे.

इंजिन नंबर आधीच घ्या आणि गाडी चोरीची नाही ना, तिच्यावर कर्ज नाही ना, हे जिथे पडताळता येतं तिथे पडताळा.

## ७. प्रत्यक्ष तपासणी

सोबत न्या: रॅचेट आणि सॉकेट, स्पार्क प्लगचा पाना, मोठी टॉमी (लोखंडी पहार), टॉर्च, लोहचुंबक, पांढरा उथळ डबा, कम्प्रेशन गेज, मोबाइलला जोडायचा छोटा बोअरस्कोप कॅमेरा आणि जुनी फडकी. हे तपासू देत नसतील तर परत या. अर्ध्या दिवसाचा प्रवास वाया गेला याचं वाईट वाटेल, पण त्या वाईट वाटण्यापायीच चुकीची इंजिनं घरी येतात.

७.१ आधी नुसतं पाहा. हात लावण्याआधी इंजिनाभोवती एक फेरी मारा. नव्या रंगाने झाकलेले तडे, वेल्डिंग, कानांवरचे तुटके कोपरे, एका बाजूला दबलेली पुली. पाण्याच्या तोंडात बोट घालून पाहा: लालसर गंजाचा चिखल निघाला तर कूलंटऐवजी वर्षानुवर्षं साधं पाणी वापरलं गेलं आहे.

एकदा मी एक इंजिन घेतलं होतं. वरून चकचकीत, ब्लॉक धुतलेला, व्हॉल्व्ह कव्हर पॉलिश केलेलं. घरी आणून क्लच काढला तर बेलहाउसिंगच्या तळाच्या दोन कोपऱ्यांत करड्या गाळाचा पातळ, वाळलेला थर होता, आणि फ्लायव्हीलवर सरळ रेषेत गंज. पाण्याची पातळी तिथपर्यंत येऊन थांबली होती. इंजिन पुरात बुडालेल्या गाडीतलं होतं. तेव्हापासून मी बाहेरचा रंग पाहायच्या आधी बेलहाउसिंगमध्ये, कनेक्टरच्या आत आणि अल्टरनेटरच्या खिडक्यांतून टॉर्च मारतो. धुणारा माणूस तिथपर्यंत पोचत नाही. कनेक्टरमधल्या पिना हिरवट दिसल्या तर वायरिंगसकट इंजिन सोडा.

७.२ तेल. डिपस्टिक आणि झाकण पाहाच, पण तेवढ्यावर थांबू नका. झाकणाखालचा पांढरट लोण्यासारखा थर फक्त छोट्या अंतरांवर चाललेल्या गाडीतही जमतो. खरी साक्ष तळाशी असते. चेंबरचा नट हळूहळू सैल करा आणि पहिली वाटीभर धार पांढऱ्या डब्यात घ्या. इंजिन बरेच दिवस उभं असेल तर पाणी तेलाच्या खाली बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. तेल उन्हात धरून डबा तिरका करा. चुंबकाला चिकटणारी काळी राख थोडी असेल तर चालेल. चमकणारे पत्रे, न चिकटणारे रुपेरी किंवा तांबूस कण म्हणजे बेअरिंग झिजत आहेत. तांबूस दिसलं तर वरचा थर संपून आतला उघडा पडलाय. तिथेच थांबा.

७.३ हाताने फिरवा. सगळे प्लग काढा, क्रमाने मांडा, प्रत्येकाचं टोक पाहा. एकच प्लग तेलकट, किंवा एकच बाकीच्यांपेक्षा स्वच्छ धुतल्यासारखा असेल तर त्या सिलिंडरची खूण करा. मग क्रँकच्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवा. दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो आणि मिटतो. एखाद्या ठिकाणी अडलं तर जोर करू नका. तुटलेल्या टायमिंग बेल्टमुळे व्हॉल्व्ह वाकलेला असू शकतो.

फ्लायव्हीलमागे टॉमी घालून क्रँक पुढे-मागे ढकला. हलकी 'टिक' जाणवेल, डोळ्यांना क्वचितच दिसेल. बहुतेक इंजिनांत ही हालचाल ०.१ ते ०.३ मिलिमीटरच असते. स्पष्ट सरकताना दिसला तर थ्रस्ट बेअरिंग गेलं.

७.४ आत डोकवा. बोअरस्कोप प्रत्येक भोकातून आत सोडा. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरक्या, जाळीसारख्या रेघा दिसायला हव्यात. नखाला अडकतील अशा उभ्या ओरखड्यांचा अर्थ रिंग किंवा पिस्टन. चारपैकी तीन पिस्टन काळे आणि एक वाफेने धुतल्यासारखा लख्ख असेल तर तिथे कूलंट झिरपतंय, बहुधा हेड गॅस्केटमधून.

७.५ कम्प्रेशन. बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडं, इंधन आणि इग्निशन बंद. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा झटके द्या आणि आकडा लिहा. नेमका आकडा किती हवा ते त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा यांत १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. सपाट, बॉक्सर इंजिनात तेल एका बाजूला साचतं, त्यामुळे तिथे या दुसऱ्या चाचणीवर फार भरवसा नको.

लोक एक चूक फार करतात: थ्रॉटल बंद ठेवून मोजतात. मग सगळे आकडे कमी येतात आणि चांगलं इंजिन नाकारलं जातं.

माझदाच्या १३बी सारख्या रोटरी इंजिनाला साधं गेज चालत नाही. प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगवेगळे आकडे दाखवणारं रोटरीचं गेज लागतं. ते मिळत नसेल तर ते इंजिन घेऊ नका.

७.६ सेल्फ नसेल तर लीक-डाउन. जमिनीवरच्या सुट्या इंजिनाला ही चाचणी जास्त उपयोगी. पिस्टन कम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते पाहायचं. दहा टक्क्यांच्या आत छान. वीसच्या पुढे गेलं तर कारण शोधा. कान लावा: तेलाच्या भोकातून फुसफुस आली तर रिंग, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. पाणी भरलेलं असेल आणि त्यात बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा.

सावधान: हवा सोडताच क्रँक झटक्याने फिरू शकतो. बोल्टवर पाना लावून ठेवू नका, फ्लायव्हील अडवून ठेवा आणि हात दूर.

७.७ चालू होत असेल तर. आधी ब्लॉकवर हात ठेवून तो थंड असल्याची खात्री करा. थंड स्टार्टला दोन-तीन सेकंदांची टॅपेटची टकटक चालते. जोर दिल्यावर वाढणारी खोल ठकठक चालत नाही. निळा धूर तेलाचा, गोडसर वासाचा न थांबणारा पांढरा धूर कूलंटचा. गरम झाल्यावर तेलाचा दाब पाहा. दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय हा जुना ठोकताळा अजूनही बऱ्याच इंजिनांना लागू पडतो. गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायला विसरू नका.

तपासणी: भाव बोलायच्या आधी जागेवरच जोडभागांवर खुणा करा: ईसीयू, पूर्ण वायरिंग, किल्ली आणि इमोबिलायझर, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर त्याचं पेडल, सगळे सेन्सर, फ्लायव्हील, ब्रॅकेट. जे नाही त्याची किंमत तिसऱ्या पायरीच्या पानावर लिहा आणि बेरीज पुन्हा करा. बऱ्याचदा याच ठिकाणी 'महाग' वाटलेलं पूर्ण संचाचं इंजिन 'स्वस्त' सुट्या इंजिनापेक्षा खाली येतं.

## ८. भाव, पावती आणि हमी

चाचणीचे आकडे हातात असतील तर घासाघीस शांतपणे होते. जे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत त्यांचा खर्च दाखवून भाव कमी करा. बेअरिंग, तडा, बुडालेलं इंजिन यांवर मात्र सूट मागू नका, तिथून निघा.

पावतीवर इंजिन नंबर, विकणाऱ्याचं नाव आणि सही, इंजिन कोणत्या गाडीतलं, सोबत काय काय दिलं आणि हमी किती दिवसांची हे लिहून घ्या. हमीचे दोन भाग वेगळे विचारा: ती कधीपासून मोजायची, आणि कशाला लागू आहे. बहुतेकदा ती खरेदीच्या दिवसापासून सुरू होते आणि चेंबर किंवा हेड उघडलं की संपते. स्वॅपचं काम महिनोन् महिने चालतं, म्हणून तीस दिवसांची हमी गाडीत बसेपर्यंत कधीच संपलेली असते. यावर उपाय पुढच्या पायरीत आहे.

## ९. घरी आणल्यावरचा पहिला आठवडा

इंजिन चेंबरवर उभं करून आणू नका. पातळ पत्रा किंवा अॅल्युमिनियमचा चेंबर दबतो, आतला पिकअप तळाला टेकतो आणि तेल ओढणं बंद होतं. लाकडी चौकटीवर ब्लॉकच्या किंवा माउंटिंगच्या आधाराने ठेवा आणि दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी बांधा. इनटेक, एक्झॉस्ट, पाण्याची तोंडं आणि प्लगची भोकं झाकूनच प्रवास करा; एक नट आत पडला तर सगळी तपासणी फुकट.

आल्याच्या दिवशी वायरिंगच्या प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावा आणि फोटो काढा. आज लक्षात आहे ते दोन महिन्यांनी राहत नाही. जुना ऑइल फिल्टर काढून कटरने उघडा. हॅकसॉ वापरू नका, तिचाच कीस आत पडून फसवतो. घड्या उलगडून उन्हात पाहा आणि ७.२ मधले निकष लावा. फिल्टर कापल्याने हमीवर परिणाम होतो का, हे मात्र खरेदीच्या वेळीच विचारलेलं असू द्या.

मग हमी संपायच्या आत इंजिन जमिनीवरच सुरू करून पाहा. मजबूत स्टँड, पूर्ण वायरिंग, छोटा रेडिएटर, इंधनासाठी बंद झाकणाचा डबा आणि पंप, बॅटरी, आणि मोकळी हवा एवढं लागतं. अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवा आणि एकट्याने हे करू नका. सुरू करण्याआधी नवं तेल आणि फिल्टर घाला, प्लग काढून सेल्फने फिरवत तेलाचा दाब आल्याची खात्री करा, मगच प्लग लावा. रेडिएटर भरलेला असेल तर दहा-पंधरा मिनिटं, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू द्या. दाब, गळती, आवाज, धूर यांचा सलग व्हिडिओ घ्या, ज्यात इंजिन नंबर आणि तारीख दिसेल. दोष निघाला तर त्याच दिवशी विकणाऱ्याला लेखी कळवा, काहीही उघडण्याआधी.

सगळं ठीक निघालं आणि इंजिन काही महिने उभं राहणार असेल, तर कूलंट काढून टाका, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर स्वच्छ तेल सोडा, हाताने दोन फेरे फिरवा, प्लग परत लावा आणि तोंडं पुन्हा झाका. महिन्यातून एकदा प्लग सैल करून क्रँक थोडा फिरवा. गाडीतलं जुनं इंजिन या आठवड्यानंतर काढायला घ्या, त्याआधी नाही.